परीक्षा आधी की पाळणा आधी?

दंतकथा | ३१ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. पाच-सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी फोंड्याची. बांबोळीच्या दंत महाविद्यालयातून बीडीएस केलं आणि मग साडेतीन वर्षं म्हापशात एका क्लिनिकमध्ये काम. लग्न झालं आणि नवऱ्यामागून न्युर्नबर्गला गेले. तो ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. मला ३१ पूर्ण झाली. दोन वर्षांत शून्यापासून जर्मन बी२ पर्यंत केली. जुलैत फाखश्प्राखप्रूफुंग पास झाले. ही दातांच्या डॉक्टरांची भाषेची परीक्षा. समोर खोटा पेशंट बसतो, त्याची सगळी हकीकत विचारायची, मग ती लिहून काढायची, मग दुसऱ्या डॉक्टरला तोंडी सांगायची. आता मोठी उरली, केन्टनिसप्रूफुंग. तोंडी आणि प्रात्यक्षिक. तिच्यात पास झालं की आप्रोबात्सिओन, म्हणजे कायमचा परवाना. पहिली धरून तीनच संधी. मधल्या काळात तात्पुरता परवाना काढून कोणाच्या तरी हाताखाली नोकरी करता येते, पण तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

चवथीला घरी आलेय. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना मी खालून कवंडळं, तोरिंगं, आंबाड्याचे घोस एकेक करून वर देत होते आणि काकी स्टुलावर उभी राहून बांधत होती. सुतळी दातात धरलेली, तरी बोलायची थांबेना. "औंदा माटोळीखाली एखादं पोर रांगायला हवं होतं गो." सगळे हसले. मीही हसले. नंतर विहिरीकडे जाऊन उगाच दोन कळशा पाणी काढलं.

प्रश्न सरळ आहे. आधी परीक्षा की आधी मूल? आणि बाळंतपण फोंड्याला माहेरी करावं की तिकडे? आईला शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नवरा म्हणतो, "तू ठरवशील तसं."

खाजेंवाली | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५८

बाये, परीक्षा दर वर्षी येते. वय येत नाही. मी म्हापशाच्या बाजारात बसून दोन मुलं वाढवली, एक पोटात होतं तेव्हा शुक्रवारी पहाटे चारला खाजांचे हारे उचलायचे. देवाचं नाव घे आणि मोकळी हो. राग मानू नको.

पारिजात_पेडणे | १ सप्टेंबर, सकाळी ६:१५

खाजेंवाली मावशी, तुमचा हारा तुमच्या मालकीचा होता. आमचा परवाना दुसऱ्याच्या हातात असतो.

मी नर्स. सध्या रजेवर पेडण्यात. माझं झालं ते सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घे. इंग्लंडला जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा, मग इथूनच संगणकावरची लेखी, आणि तिकडे गेल्यावर ओस्की, म्हणजे दहा केंद्रांवरून फिरत प्रात्यक्षिक. लेखी झाली, नोकरीचं पत्र आलं, आणि त्याच महिन्यात मला दिवस राहिले. दहाव्या आठवड्यात दाबोळीहून विमानात बसले. उलट्या लपवत ओस्की दिली, पास झाले.

मग पैशांचं कळलं. तिथल्या कायद्याने मालकाकडून बाळंतपणाचा पगार हवा तर अपेक्षित तारखेच्या १५ आठवडे आधी तुमची सलग २६ आठवडे नोकरी झालेली असावी लागते. बोटावर मोजून बघ. म्हणजे दिवस राहण्याआधीच नोकरीत असायला हवं. मी नव्हते. सरकारी इस्पितळाची स्वतःची जास्तीची योजना आहे, ८ आठवडे पूर्ण पगार आणि मग १८ आठवडे अर्धा, पण तिला बारा महिन्यांची सेवा लागते. तीही हुकली. शेवटी सरकारचा मॅटर्निटी अलाउन्स मिळाला, तो ६६ आठवड्यांत २६ आठवडे काम असलं तरी मिळतो आणि व्हिसावरच्या 'सरकारी मदत नाही' ह्या बंदीत मोडत नाही. हे मला वॉर्डातल्या केरळच्या एका सिस्टरने सांगितलं, ऑफिसातल्या कोणी नव्हे.

सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. त्या गेल्या त्या दिवशी मी सिंकमध्ये दुधाच्या बाटल्या तशाच टाकून रडले होते. असो.

तात्पर्य विचारू नकोस. मुलगी चार वर्षांची आहे आणि काल पेडण्याच्या घरात तिने पहिल्यांदा कोंबडी हातात धरली.

तारवटी | १ सप्टेंबर, सकाळी ९:०२

मी वास्कोचा, मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर होतो. आमच्याकडे पाच वर्षांत बारा महिने बोटीवर काढले नाहीत तर सर्टिफिकेट नव्याने करायला जास्तीचे कोर्स वगैरे भानगडी. दोन्ही पोरांच्या वेळी मी समुद्रात होतो. धाकटा झाला तेव्हा सिंगापूरबाहेर अँकरवर, सॅटेलाइट फोन दोन मिनिटं. तेव्हा माझं सर्टिफिकेट आधी की पोर आधी असा प्रश्न घरात कोणीच काढला नव्हता. दोन्ही झालं. बायकोची एम.ए. मात्र राहिली. हे आज लिहिताना पहिल्यांदा जाणवतंय.

मोपा_ते_म्युनिक | १ सप्टेंबर, दुपारी २:३०

दंतकथा, थांब. तू दातांची डॉक्टर आहेस ही तुझ्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी बोललेलं नाही. मी साखळीची, म्युनिकमध्ये नऊ वर्षं, मीही दातांचीच. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

जर्मनीत मातृसंरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली गरोदर बाईला धोक्याचं काम देता येत नाही. दातांच्या डॉक्टरच्या बाबतीत रक्त, थुंकी, सुया, सगळंच धोक्याचं. म्हणून दवाखान्यात तू 'मी गरोदर आहे' असं सांगितलंस की बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून बेशेफ्टिगुंग्सफरबोट लागतो. कामबंदी. घरी बसायचं. आणि पगार पूर्ण. दिवस राहण्याआधीच्या तीन महिन्यांची सरासरी काढतात. मालकालाही तो पैसा आरोग्य विम्याकडून परत मिळतो, त्यामुळे तो फार कुरकुरत नाही. नंतर मुटरशुट्झ, म्हणजे बाळंतपणाची रजा, तारखेच्या आधी ६ आठवडे आणि नंतर ८, त्यातही हातात येणारा पगार भरून मिळतो.

त्यानंतर एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल सांभाळायला घरी राहणाऱ्या पालकाचा सरकारी भत्ता. साधारण निव्वळ पगाराच्या ६५ टक्के, कमीत कमी ३०० युरो, जास्तीत जास्त १८००. एका पालकाला १२ महिने, दुसऱ्याने निदान दोन घेतले तर मिळून १४. मुटरशुट्झच्या आधीच्या बारा महिन्यांची कमाई धरतात. कमाई शून्य असेल तर? ३०० युरो. न्युर्नबर्गमध्ये ३०० युरोत काय येतं ते तुला मी सांगायला नको.

आता हे तुझ्या प्रश्नावर लावून बघ. आत्ता, नोकरी नसताना मूल झालं तर महिना ३००. तात्पुरत्या परवान्यावर आधी नोकरी धरलीस आणि मग मूल, तर आधी पूर्ण पगार, मग ६५ टक्के. आणि प्रोबेशन चालू असलं तरी गरोदर बाईला काढता येत नाही. फक्त करार मुदतीचा असेल तर तो त्याच्या तारखेला संपतो, तेवढं बघून सही कर.

अजून एक, हे सगळ्याजणी विसरतात. करवर्ग, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट. नवऱ्याचा ३ असेल तर तू नोकरी धरलीस की आपोआप ५ होईल, हातात पगार कमी येईल आणि एल्टर्नगेल्ड त्यावरच मोजतील. नोकरी लागायच्या दिवशीच दोघांनी ४-४ करून घ्या. निदान मुटरशुट्झच्या महिन्याआधी सात महिने बदललेला असायला हवा.

माहेरी बाळंतपणाचं मी सुचवणार नाही. बाळ फोंड्यात झालं तर त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट, मग जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा, तोवर तुम्ही दोघं दोन देशांत. एल्टर्नगेल्डलाही तुझं घर जर्मनीत असणं लागतं. तिकडे झालं तर सहा महिन्यांच्या आत बाळाच्या रहिवासाचा अर्ज. भारतीय नागरिकत्वासाठी वकिलातीत जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करायची, ही तारीख चुकवू नका. एक वर्ष उलटलं की प्रकरण दिल्लीच्या परवानगीवर जातं.

आणि हेबामे. सुईण म्हण. विम्यातून येते, बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस रोज घरी. माझ्या वेळी आई साखळीहून बाळंतशेपा, ओवा, आळीव घेऊन आलेली. शेगडी नाही म्हणून तिचा जीव खालीवर. सिरॅमिकच्या चुलीवर तवा तापवून त्यावर फडकं धरायची, आणि धुराचा अलार्म वाजायचा. मग हेबामे एक दिवस चेरीच्या बियांनी भरलेली कापडी उशी घेऊन आली. ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवायची आणि पोटावर धरायची. आईने ती उशी उलटीसुलटी करून पाहिली, हुंगली आणि म्हणाली, "ह्यांनाही कळतं तर." त्यानंतर दोघी भाषेशिवाय बोलायच्या.

निनावी_नार्वे | १ सप्टेंबर, दुपारी ३:१०

वाचनखूण साठवली. असा प्रतिसाद एखाद्या सल्लागाराने पैसे घेऊनही दिला नसता.

बाब_शेणवी | १ सप्टेंबर, दुपारी ४:४४

हे सगळं करण्यापेक्षा आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा असेल तर पोर्तुगीज पासपोर्ट काढून टाका, कटकट संपली.

पारिजात_पेडणे | १ सप्टेंबर, दुपारी ४:५०

बाब, पासपोर्टने आप्रोबात्सिओन मिळत नाही. बीडीएस बांबोळीचंच राहतं. आणि भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं ते वेगळंच. ह्यावर वेगळा धागा आहे, तिकडे चारशे प्रतिसाद झालेत, तिकडेच जाऊ द्या.

डॉ_अबोली | १ सप्टेंबर, रात्री ८:२०

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून चार ओळी. ३१ म्हणजे आणीबाणी नव्हे. उतार जास्त जाणवतो तो ३५ च्या आसपास आणि पुढे. वर्ष-दीड वर्ष नियोजन करून थांबलीस तर मी तुला घाबरवणार नाही. पण 'बघू कधीतरी' म्हणून थांबू नकोस. इथे आहेस तोवर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घे. रुबेलाची लस लागली तर नंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणून आत्ताच. आणि प्रयत्न सुरू करायच्या निदान महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम. एएमएच नावाची महागडी तपासणी कोणी गळ्यात मारली तर नको म्हण, सहज दिवस राहतील की नाही हे त्यावरून कळत नाही.

कुळागर | १ सप्टेंबर, रात्री १०:३३

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. कॅनडात होते. तिकडच्या परवान्याची लेखी परीक्षा पास झाले होते, प्रात्यक्षिक बाकी होतं. तेव्हा आम्ही ठरवलं की आधी मूल, मग प्रात्यक्षिक. वाक्य माझंच होतं. पण त्या 'मग'ला कोणी तारीख लावली नाही. मुलगा झाला, नवऱ्याची बदली झाली, दुसरा प्रांत, पुन्हा पाळणाघराच्या यादीत नाव, मग सासऱ्यांचं आजारपण, मग आम्ही सावईवेऱ्याला परत. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं.

पुस्तकांचा खोका पोटमाळ्यावर आहे. गेल्या पावसात उघडला तर शरीररचनेच्या पुस्तकाची पानं बुरशीने एकमेकांना चिकटलेली. खांद्याच्या सांध्याचं पान सोडवायला गेले, ते अर्धं फाटलं. आता मी सुपारी सोलायला येणाऱ्या बायकांचे खांदे बघते. फी म्हणून ताडगोळे मिळतात. मजेत आहे, खोटं नाही बोलत.

तू काहीही आधी कर. पण मागे राहील त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि ती तारीख नवऱ्याच्या कॅलेंडरवरही लिही.

दंतकथा | २ सप्टेंबर, पहाटे १:०५

रडवलंत सगळ्यांनी.

म्युनिकताई, आमचा ३-५ च आहे! लग्न झाल्यावर करसल्लागाराने करून दिला, 'फायदा होतो' म्हणाला. नवऱ्याचा झाला असेल. मला कामबंदीबद्दल माहीत होतं, पण त्याचा पगाराशी असा संबंध आहे हे माहीत नव्हतं. मी उलट समजून चालले होते की गरोदर राहिले तर कोणी नोकरीच देणार नाही, म्हणून आधी मूल उरकून घ्यावं.

एक भीती राहतेच. नोकरी धरायची, मालकाने वर्षभर शिकवायचं आणि आपण दुसऱ्या दिवशी घरी बसायचं. बरं दिसतं का ते?

मोपा_ते_म्युनिक | २ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मुलाखतीत हा प्रश्न तुला विचारायचा त्यांना हक्क नाही आणि सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. बरं दिसण्याचं म्हणशील तर माझ्या मालकिणीने स्वतः तीन वेळा कामबंदी घेतली होती. तिने मला फुलं पाठवली.

निनावी_नार्वे | २ सप्टेंबर, सकाळी १०:१२

एक खुसपट काढतो. 'तू ठरवशील तसं' म्हणणारा नवरा ह्या धाग्यात कुठे आहे? वरच्या हिशेबात त्याचे 'निदान दोन महिने' आलेत, तेही १४ चा आकडा भरायला. एल्टर्नत्साइट, म्हणजे नोकरी राखून घेतलेली पालकरजा, तिकडे दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत आहे असं मी वाचलंय. मग हिची परीक्षा आणि ह्याची रजा हा एकच प्रश्न नाही का?

तारवटी | २ सप्टेंबर, सकाळी १०:३०

अनुमोदन. उशिरा का होईना.

खाजेंवाली | २ सप्टेंबर, सकाळी ११:००

पुरुषाने पोर सांभाळायचं हे आमच्या वेळी नव्हतं. पण आमचे हे पाळण्याची दोरी पायाला बांधून पेपर वाचायचे, ते आठवलं.

फोंड्याचा_जावई | २ सप्टेंबर, रात्री ९:५५

नमस्कार, आजच नाव नोंदवलं. मीच तो नवरा. तिने दुवा पाठवला आणि खाली फक्त 'वाच' असं लिहिलं.

'तू ठरवशील तसं' हे मी चांगुलपणाने म्हणत होतो. लादायचं नाही म्हणून. आज सगळं वाचून काढल्यावर लक्षात आलं की त्याचा अर्थ 'निस्तरशीलही तूच' असा होतो. करवर्गाचा अर्ज भरलाय, ऑनलाइन अर्ध्या तासाचं काम होतं. दोन वर्षं राहिलं होतं.

माझ्या टीममध्ये एका जर्मन सहकाऱ्याने सात महिने घेतलेत. तेव्हा मी त्याच्या पाठीमागे हसलो होतो. उद्या त्याच्याशी जेवायला बसतोय.

नार्वेसाहेब, खुसपट बरोबर जागी लागलं.

दंतकथा | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय. वर्ष होत आलं. विपूत (म्हणजे इथल्या माझ्या पानावर) विचारणारे बरेच आहेत म्हणून इथेच लिहिते.

तात्पुरता परवाना नोव्हेंबरात हातात आला. १ डिसेंबरपासून फ्युर्थमध्ये एका दवाखान्यात रुजू झाले. मालक साठीचे, बोलतात कमी, आणि बोलतात ते फ्रँकिश बोलीत. बी२ चा काही उपयोग झाला नाही. पहिले दोन महिने पेशंट 'होय' म्हणतोय की 'दुखतंय' म्हणतोय हे चेहऱ्यावरून ओळखायचे.

केन्टनिसप्रूफुंग जूनमध्ये दिली. तोंडी चांगली गेली. प्रात्यक्षिकात नापास. प्लास्टिकच्या दातावर क्राउनसाठी, म्हणजे टोपी बसवायला, तयारी करायची होती, आतल्या बाजूला अंडरकट राहिला, म्हणजे आत गेलेली खाच. हाताला तेव्हाच कळलं होतं. परीक्षकाने प्रोब फिरवला, एका जागी थांबला, पुन्हा तिथेच फिरवला. बस्स. घरी येऊन कुळागरताईंचा प्रतिसाद वाचला, आणि दुसऱ्या संधीची तारीख येताच फ्रीजवर लावली. २४ नोव्हेंबर. ह्यांच्या फोनमध्येही आहे, मी तपासलं.

आणि आता सांगते. सोळावा आठवडा चालू आहे.

नापास झाले त्याच आठवड्यात कळलं. मालकांना सांगायला गेले तर त्यांनी कपाटातून फॉर्म काढला, जणू वाटच बघत होते. तेव्हापासून घरी आहे, पूर्ण पगारावर. कामबंदी आहे, परीक्षाबंदी नाही. डॉक्टरलाही विचारून घेतलं, ती म्हणाली बसायला नीट स्टूल घे आणि दर तासाला उठ. तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलाला फँटमचं, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचं, डोकं स्क्रूने बसवलंय आणि रोज दोन क्राउन. ह्यांना रात्री पाणी प्यायला उठलं की दचकायला होतं. मोजून पाहिलं तर मुटरशुट्झ २० डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते, म्हणजे कमाईचे बारा महिने बरोबर भरतात. हा हिशेब आम्ही करून केलेला नाही, नशिबाने जमला, उगाच श्रेय घेत नाही. हे सहा महिने रजा घेताहेत. साहेबांनी 'सलग?' एवढंच विचारलं.

दुसऱ्यांदाही नापास झाले तर? तर तिसरी आहे, आणि तेव्हा मूल मांडीवर असेल. त्याचा विचार करून झोप जाते तेव्हा जाते.

औंदा चवथीला जात नाही. काल व्हिडिओवर माटोळीची तयारी पाहिली. काकीने स्टुलावरूनच विचारलं, "कितवा गो?" सुतळी दातातच होती.

आईचा व्हिसा जानेवारीच्या मध्यापासून ९० दिवसांचा मागतोय. म्युनिकताई, ती चेरीच्या बियांची उशी कुठे मिळते ते कळवा. आई ऐकत नाही, तिने फोंड्याच्या बाजारातून पत्र्याची शेगडी आणून ठेवलीय आणि कोळसेही. विमानात कोळसे नेता येत नाहीत हे तिला तुमच्यापैकी कोणीतरी सांगा, माझं ती ऐकत नाही.